गुडघ्यात सुई टोचून घ्यावी का?

पूजेला पाटाऐवजी खुर्ची, जिना उतरताना कठड्याला हात. भिलाईच्या पोलाद कारखान्यात उमेदीची वर्षं घालवून जवळच्या बोरसीत राहणाऱ्या मराठी घरातही गुडघे कुरकुरू लागले की प्रश्न निघतोच : इंजेक्शन घ्यावं का?

स्टेरॉइडनं सूज उतरते, काही आठवडे बरं वाटतं. झिजलेली कूर्चा मात्र भरून येत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत १४० रुग्णांपैकी काहींना दर तीन महिन्यांनी, दोन वर्षं स्टेरॉइड दिलं. बाकीच्यांना नुसतं मिठाचं पाणी. दुखण्यात फरक पडला नाही, उलट स्टेरॉइड घेतलेल्यांची कूर्चाच जास्त झिजली!

‘जेल’चं इंजेक्शन महाग, फायदा बेताचा. (काही जेल कोंबड्याच्या तुऱ्यापासून बनतात, शाकाहारी मंडळींनी आधी विचारावं.) स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या द्रवाचा, म्हणजे पीआरपीचा, सध्या बराच बोलबाला आहे. पण ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर तेही मिठाच्या पाण्याहून सरस ठरलं नाही.

मग सुई नकोच? तसं नाही. दुखण्यानं पाऊलच उचलत नसेल, तर एखादं स्टेरॉइड उसंत देतं. त्या उसंतीत मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम सुरू करायला हवा. नाहीतर दुखणं परत येतंच. मधुमेह असेल तर आधी सांगावं, कारण काही दिवस साखर वाढते. सुईनंतर ताप आला, गुडघा लाल होऊन सुजला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. आणि सांधेबदल ठरला असेल, तर आधीच्या तीन महिन्यांत स्टेरॉइड टाळावं. जंतुसंसर्गाची भीती वाढते.