टाळेबंदींतील घरगुती बेदाणा

ज्या बागाईतदारांचा माल २०२० सालच्या मार्चअखेरीस वेलीवर उभा होता, त्यांस त्या दिवसांची आठवण करून देण्याचें कारण नाहीं. दि. २५ मार्च रोजीं करोनाच्या सांथीमुळें सर्व देशभर टाळेबंदी सुरू झाली. शेतीचीं कामें व शेतमालाची वाहतूक यांस सरकारनें लवकरच सूट दिली खरी. परंतु सूट कागदावर मिळणें निराळें आणि गाडी बांधाशीं येऊन उभी राहणें निराळें. व्यापारी येईना, मजुरांच्या टोळ्या येईनात, दूरच्या शहरांतील बाजार आज उघडला तर उद्यां बंद. द्राक्ष म्हणजे कांहीं कांदा नव्हे, कीं चाळींत भरून भावाची वाट पाहावी.

त्यांतही दुसरी अडचण अशी कीं, माल विकला गेला नाहीं म्हणून तो वेलीवर राहूं देऊनही चालत नाहीं. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षांतून दोनदां होते. एप्रिलाच्या सुमारास खरड छाटणी केल्यावर ज्या नव्या काड्या फुटतात, त्यांच्याच डोळ्यांत पुढील हंगामाचे घड तयार होतात. ही छाटणी लांबली म्हणजे काडी पक्व होण्यास दिवस कमी पडतात, आणि यंदांचा तोटा पुढल्या सालीं पुन्हा एकदां भरावा लागतो. म्हणजे माल विको वा न विको, वेल मोकळा करणें भागच. उतरलेली द्राक्षें बांधावर टाकावयाचीं कीं त्यांचें कांहीं करावयाचें, एवढाच प्रश्न उरला होता. नाशिक जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबांनीं त्याचें उत्तर आपल्या अंगणांत व गच्चीवर शोधलें. त्यांनीं बेदाणा केला.

बेदाणा महाराष्ट्रास नवा नाहीं. सांगली जिल्ह्यांत, विशेषतः तासगांवकडे, हा धंदा चांगला रुळलेला असून सांगलीच्या बेदाण्यास भौगोलिक मानांकनही मिळालेलें आहे. परंतु निफाड-दिंडोरीकडील बागाईतदाराचें सारें लक्ष ताज्या फळावर. घड विरळ करणें, मणी फुगविणें, लव न पुसतां पेटी भरणें ह्या कामांत त्याचा हात कोणी धरणार नाहीं; वाळविणें मात्र त्याच्या हिशेबीं फुकट गेलेल्या मालाची गोष्ट. त्यामुळें ज्यांनीं आयुष्यभर द्राक्षें पिकविलीं, त्यांसच घरीं बसून द्राक्षाचा नवा धडा गिरवावा लागला. शिकविणारा येऊं शकत नव्हता, शिकणारा जाऊं शकत नव्हता. जें कांहीं शिकावयाचें तें भ्रमणध्वनीवर ऐकून वा पाहून, आणि मग स्वतःच्या हातानें करून.

कृति ऐकण्यास सोपी आहे. शंभर लिटर पाण्यांत अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट व दीड लिटर डिपिंग ऑईल, म्हणजे इथाइल ओलिएट, हें नीट मिसळावें. स्वच्छ धुतलेले घड त्यांत दोन ते चार मिनिटें बुडवून काढावे, पाणी निथळूं द्यावें, आणि मग जाळीवर एकेरी थरानें सावलींत पसरावे. पुढील दोन-चार दिवसांत याहून सौम्य द्रावणाचा फवारा देतात. हवा कोरडी व वाहती असली तर पंधरा दिवसांच्या आंतबाहेर माल वाळतो. द्रावण दाहक असल्यामुळें हातांत रबरी मोजे असावेत व मुलांस तेथें फिरकूं देऊं नये, हें सांगणें नलगे.

द्रावणाचें काम काय, हें समजलें म्हणजे पुढच्या पुष्कळ चुका टळतात. मण्यावर जी पांढुरकी लव दिसते तें मेण आहे. त्याच्या बारीक पापुद्र्यांमुळें आंतील पाणी बाहेर पडत नाहीं. वेलीवर हें उपयोगाचें, जाळीवर अडचणीचें. द्रावणानें हे पापुद्रे सैल होतात, साल मात्र फाटत नाहीं. भूमध्य समुद्राकांठचे लोक फार पूर्वींपासून लांकडाच्या राखेचें पाणी व ऑलिव्हचें तेल एकत्र करून त्यांत द्राक्षें बुडवीत. राखेंतील क्षार म्हणजे बव्हंशीं हेंच पोटॅशियम कार्बोनेट, आणि इथाइल ओलिएट ज्या आम्लापासून बनतें तेंच आम्ल ऑलिव्ह तेलांत मुख्य. तात्पर्य, डबा नवा आहे, युक्ति जुनीच आहे.

आतां खरी मेख साखरेंत आहे, आणि घरीं प्रथमच बेदाणा करणारा बहुधा येथेंच ठेचाळतो. खाण्याचें द्राक्ष सोळा ते अठरा ब्रिक्स गोडीला उतरवितात. बेदाण्यास बावीस वा अधिक गोडी हवी. हा फरक चवीपुरता नाहीं. चांगल्या बेदाण्यांत शेंकडा १५ भाग पाणी धरलें तर बाकी ८५ भाग घन द्रव्य, आणि तें मुख्यतः साखरच. १७ ब्रिक्सच्या १०० किलो द्राक्षांत असें द्रव्य सुमारें १७ किलो. त्याचा बेदाणा २० किलो होईल. तींच द्राक्षें २२ ब्रिक्सचीं असतील तर बेदाणा जवळजवळ २६ किलो भरेल. म्हणजे एका टनामागें सुमारें ६० किलोंचा फरक, आणि तोही मजुरी, द्रावण व जागा तितकीच लागून. शिवाय कमी गोडीचा दाणा वाळल्यावर चिपाड होतो, गराचा राहत नाहीं. म्हणून रिफ्रॅक्टोमीटर नांवाचें साखर मोजण्याचें उपकरण डोळ्यास लावल्याशिवाय घड तोडूं नये. गोडी वाढण्याकरितां माल वेलीवर ठेवावा तर छाटणी लांबते, ही ओढाताण आहेच. आमच्या मतें सबंध बागेची छाटणी अडविण्यापेक्षां कांहीं ओळीच तेवढ्या मागें ठेवाव्या.

दुसरें असें कीं, निर्यातीसाठीं फुगविलेला मणी बेदाण्यास मुळींच अनुकूल नाहीं. मणी जितका मोठा तितकें त्याच्या पोटांतील पाणी सालीच्या मानानें अधिक, आणि वाळण्यास दिवसही अधिक. घड दाट असेल तर मधले मणी ओले राहून बुरशी धरतात. अशा घडाचे लहान झुबके करूनच ते जाळीवर घालावे.

गच्चीवर उन्हांत वाळविलेला माल तांबूस-काळसर झाला, अशी तक्रार त्या वर्षीं ज्यांनीं ज्यांनीं प्रयोग केला त्यांतील अनेकांची असेल. त्यांत दोष हाताचा नव्हे, उन्हाचा आहे. उन्हाच्या तापानें रंग गडद होतो. म्हणूनच व्यापारी बेदाण्याचीं शेडें वरून झांकलेलीं व बाजूंनीं हिरव्या जाळीचीं असतात. उन्हांतील बेदाणा खाण्यास वाईट नसतो, बाजारांत मात्र त्यास हिरव्या-पिवळ्या मालाचा भाव येत नाहीं. रंगासाठीं गंधकाची धुरी देण्याची चाल आहे. परंतु तो धूर घशास व फुप्फुसांस घातक असल्यामुळें राहत्या घरांत ती कोणीं देऊं नये.

या सर्व उद्योगांत घरांतील स्त्रियांचा वांटा मोठा, हें स्पष्ट लिहिलें पाहिजे. पापड, कुरडया, सांडगे यांचें वाळवण दर उन्हाळ्यांत त्याच करतात. वारा कोणत्या बाजूनें येतो, अभ्र आलें कीं काय झांकावें, वाळलेला पदार्थ बोटांत धरून कसा ओळखावा, हें ज्ञान घरांत होतेंच. तें कोणी द्राक्षाकडे वळविलें नव्हतें इतकेंच. जेथें पुरुषांनीं ऐकीव माहितीवर एकट्यानें कारभार केला, तेथें माल अधिक बिघडला असल्यास आम्हांस नवल वाटणार नाहीं.

टाळेबंदी उठली, पण बाजार पडणें, एप्रिलांत गारा येणें, व्यापाऱ्यानें सौदा करून पाठ फिरविणें हें टाळेबंदीची वाट पाहत नाहीं. हातीं बेदाण्याची विद्या असणारा मनुष्य अशा वेळीं निदान एक रात्र विचार करून भाव ठरवितो. ती शिकण्यासाठीं शेड बांधण्याची गरज नाहीं. हंगामाच्या शेवटीं बारीक मण्यांचीं, बावीस गोडीचीं वीस किलो द्राक्षें घ्यावीं; चारशें ते पांचशें ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट व त्याच प्रमाणांत तेल एवढ्यांत काम भागतें. ओसरींत वा पडवींत, जेथें ऊन येत नाहीं पण वारा खेळतो, तेथें खाटेवर जाळी ताणावी. रोजची हवा व दाण्याची स्थिति वहींत टिपावी. अवकाळी पावसाचें चिन्ह दिसतांच जाळीसह माल आंत घ्यावा. शेवटीं देठ काढून वजन करावें; तें सव्वापांच किलोंहून अधिक भरलें तर दाणा कितीही कोरडा दिसो, आंत पाणी आहे असें समजून तो आणखी दोन दिवस जाळीवर पसरावा.