लाल दिवा लागला की आधी चावी बंद

जुन्या मारुती व्हॅनच्या मीटरमध्ये ऑइलचा लाल दिवा लागला, की भातकुलीहून निघालेल्या चालकाच्या मनात पहिला विचार येतो: अमरावती काही लांब नाही, पोचू की. इंजिनाचा घात होतो तो इथेच. पेट्रोल संपत आल्यावर थोडी उसंत मिळते, ऑइलच्या दिव्यात ती नसते. क्रँकशाफ्ट आणि त्याची बेअरिंगं यांच्यामध्ये केसाहून बारीक फट असते. त्या फटीत सतत तेल भरत राहणं हे दाबाचं काम. दाब गेला की धातूवर धातू घासतो आणि काही मिनिटांत बेअरिंग उखडतं. म्हणून गाडी बाजूला घ्यावी, चावी बंद करावी आणि मगच कारण शोधावं.

हा दिवा तेल किती आहे ते सांगतच नाही. इंजिनाच्या ब्लॉकवर एक छोटा प्रेशर स्विच असतो. दाब साधारण 4 ते 7 पीएसआयच्या खाली गेला की तो तारेला अर्थ देतो आणि दिवा लागतो. तब्येतीच्या इंजिनाला तापल्यावर, 3000 फेऱ्यांवर, 30 ते 40 पीएसआय तरी दाब हवा. म्हणजे तो निम्म्यावर येऊन आणखी घसरला तरी दिवा गप्पच राहतो. दिवा लागतो तेव्हा गोष्ट बरीच पुढे गेलेली असते.

1984 साली बाजारात आलेली ही व्हॅन पुढे ओम्नी झाली आणि 2019 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचलायचा कंटाळा, म्हणून तेल बघायचं राहून जातं. गाडी सपाट जागी उभी करून पाच-दहा मिनिटं थांबावं, डिपस्टिक पुसून पुन्हा घालावी आणि मग बघावं. पातळी कमी असेल तर गळती कुठे आहे ते शोधायचं. पातळी वाढलेली दिसली तर जास्तच सावध व्हायचं. कार्बोरेटरच्या जुन्या मॉडेलमध्ये फ्युएल पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल थेट ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं आणि तेल पातळ होतं. डिपस्टिकचा वास घेतला की लगेच कळतं. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं आहे, बहुधा हेड गॅस्केट गेलेलं.

पातळी ठीक असेल तर वायरिंगकडे वळायचं. इंजिन बंद, चावी चालू, आणि स्विचवरची तार काढायची. दिवा विझला पाहिजे. तरीही जळत राहिला तर तार कुठेतरी घासून किंवा उंदराने कुरतडून बॉडीला लागली आहे. पण दिवा विझला म्हणून स्विचच खराब, असा निकाल देऊ नये. त्याने फक्त तार चांगली आहे एवढं कळतं. खरा निकाल प्रेशर गेजचा. स्विच काढून त्या जागी गेज लावायचा, इंजिन पुरतं तापू द्यायचं, मग आयडलवर आणि 3000 फेऱ्यांवर काटा बघायचा. दाब पुरेसा असेल तर नवा स्विच टाकला की झालं. गाडी पळताना दाब पडून हळू केल्यावर परत येत असेल, तर चेंबरमधली जाळी गाळाने बुजली असावी. थंड असताना चांगला आणि तापल्यावर आयडलला पडत असेल, तर संशय बेअरिंगांवर. ठिबकच्या नळ्या जागोजागी फाटल्या तर मोटर चांगली असूनही टोकाला दाब पोचत नाही. झिजलेल्या बेअरिंगांतून तेल तसंच निसटतं.

आपल्याकडे या शेवटच्या लक्षणावर एक ठरलेलं उत्तर मिळतं: ‘गरमी किती हाय भाऊ, लाइट तं लागतेच!’ हे अर्धंच खरं आहे. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेल पातळ होतं, हे कबूल. पण धडधाकट इंजिनाचा दिवा तेवढ्याने लागत नाही. त्यात पाण्याची भर: भातकुली पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात आहे. इथल्या बोअरचं पाणी माणसाला पिववत नाही, तेच रेडिएटरमध्ये बिनदिक्कत ओतलं जातं. आत क्षार धरतात, गंज चढतो, नळ्या आवळत जातात आणि इंजिन कायम जास्त तापतं. तेल पातळ व्हायचं निम्मं कारण तिथे असतं. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट यांचा खर्च इंजिन बांधण्याच्या खर्चापुढे काहीच नाही. शाळेची पोरं वाहणाऱ्या व्हॅनला तर गरमीची सवलत देऊच नये.

दुसरा उपाय म्हणजे जाड तेल. 20डब्ल्यू-40 च्या जागी 20डब्ल्यू-50 टाकलं की दिवा लागायचा थांबतो, कारण डब्ल्यूनंतरचा आकडा 100 अंश तापमानाला तेल किती घट्ट राहतं ते सांगतो. झिजलेल्या इंजिनाला थोडे महिने मिळतात, ते मिळवायला हरकत नाही. पण फट तेवढीच राहते, हे मालकाला ठाऊक असायला हवं. ते न सांगता गाडी विकणं ही फसवणूक आहे.

त्याहून वाईट म्हणजे स्विचची तारच काढून ठेवणं. जुनी व्हॅन घेताना इंजिन चालू करण्याआधी नुसती चावी फिरवून मीटर बघावा. ऑइलचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. मुळात लागलाच नाही, तर बल्ब गेलेला आहे किंवा कुणीतरी तार काढली आहे. अशा वेळी गेज लावून दाब दाखवा म्हणावं. विकणारा तयार होत नसेल तर त्या गाडीचा बयाणा देऊ नये.