मागून काढलेला फोटो

टेबलावर एक फोटो आहे. मूळ छायाचित्राची झेरॉक्स आणि त्या झेरॉक्सचीही झेरॉक्स. करड्या छटा उडून गेल्यात, उरलंय ते नुसतं काळं आणि पांढरं. धावपट्टीवर एक छोटं लढाऊ विमान, त्याच्या पंखाजवळ उभा एक माणूस. खाली टाइप केलंय : ‘मिग-21, इजिप्त’.

ती ओळ मी आधी कागदाच्या पट्टीनं झाकतो. ओळ वाचली की डोळे तिच्याच बाजूनं साक्ष द्यायला लागतात.

मग नाक. मिग-21 हवा घेतं ती नाकातूनच. तिथे गोल तोंड असतं आणि त्यात बसवलेला शंकू. या विमानाचं नाक टोकदार आणि बंद आहे. हवेची तोंडं कॉकपिटच्या दोन्ही कुशींना, अर्धगोल. म्हणजे मिग नाही. पण पंख त्रिकोणी आणि मागे वेगळी आडवी शेपटीही आहे. मिगची ठेवणही हीच, त्यामुळे घाईत बघणारा फसणारच.

आता माप. फोटो जवळजवळ समोरून घेतलाय आणि माणूस पंखाच्या रेषेतच उभा आहे, हे माझं नशीब. तो पुढे किंवा मागे असता तर फूटपट्टी निरुपयोगी होती. त्याची उंची पावणेसहा फूट धरली, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंख त्याच्या साडेतीनपटीपेक्षा थोडे कमीच भरतात. म्हणजे सहा मीटरच्या आत. मिगचे पंख 7.15 मीटर, ते चौपटीच्या पुढे गेले असते.

5.84 मीटर रुंदीचं, कुशीतून श्वास घेणारं, त्रिकोणी पंखांचं विमान इजिप्तमध्ये एकच होतं : हेलवानचं एचए-300. विली मेसरश्मिटनं ते स्पेनमध्ये हिस्पानो कंपनीसाठी आखायला घेतलं तेव्हा त्याला आडवी शेपटी नव्हती. प्रकल्प इजिप्तनं घेतल्यावर ती आली. 7 मार्च 1964 रोजी ते पहिल्यांदा उडालं, आणि ते उडवलं भारतीय हवाई दलाचे चाचणी वैमानिक कपिल भार्गव यांनी. दर वेळी हे लिहिताना माझा हात क्षणभर थांबतो. जर्मन आराखडा, स्पेनमधली सुरुवात, कैरोजवळचा कारखाना आणि कॉकपिटमध्ये आपला माणूस. फोटोखाली ‘मिग’ लिहिलं की हे सगळं पुसलं जातं.

विमानाचं नाव सापडलं तरी काम अर्धंच झालेलं असतं. नमुने तीन बांधले गेले, त्यातला हा कुठला? पहिल्या दोघांत ब्रिस्टल ऑर्फियस इंजिन होतं. तिसरा होता तो ऑस्ट्रियाचे फर्डिनांड ब्रांडनर हेलवानमध्ये घडवत असलेल्या ई-300 इंजिनासाठी. 1969 मध्ये प्रकल्प बंद झाला आणि तिसरा कधी हवेत गेलाच नाही. म्हणून ‘ई-300 इंजिनासह उडणारं एचए-300’ असं कुठे दिसलं, तर ते बेधडक खोडावं.

ई-300 उडालं ते दुसऱ्यांच्या अंगावर. एकदा अँटोनोव्ह-12 या मालवाहू विमानावर आणि एकदा आपल्या मारुतवर. कुर्ट टांक यांनी हिंदुस्थान एअरक्राफ्टसाठी आखलेलं मारुत 17 जून 1961 रोजी उडालं, पण ज्या ताकदीच्या ऑर्फियसवर त्याचा आराखडा बेतला होता, ते इंजिन ब्रिटिशांनी पूर्णच केलं नाही. दुसरं इंजिन शोधता शोधता एक मारुत हेलवानला गेलं. 1967 मध्ये ते उडालं तेव्हा एका बाजूला जुनं ऑर्फियस होतं आणि दुसऱ्या बाजूला ई-300.

असं विमान फोटोत ओळखायचं तर मागूनच. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारातल्या मारुतच्या शेपटामागे मी एकदा बराच वेळ उभा राहिलो. दोन नळकांडी शेजारीशेजारी, जुळी, तंतोतंत सारखी. ते सारखेपण डोळ्यांत मुरलं की एरवी नजरेतून सुटणारी असमानता लगेच टोचते. मुलं पुढे, नाकाशी उभी राहून फोटो काढून घेत होती.

सगळेच पुढून काढतात. वर्तमानपत्रं, कारखाने, घरातले लोक, सगळेच. ग्रुप कॅप्टन सुरंजन दास यांनी मारुत पहिल्यांदा उडवलं आणि 10 जानेवारी 1970 रोजी आफ्टरबर्नर बसवलेल्या मारुतच्या अपघातातच ते गेले. त्या विमानाचं वेगळेपण होतं ते मागच्या भागात. अशा विमानाचा फोटो साध्या मारुतच्या गठ्ठ्यात पडून राहिला, तर त्यांचं शेवटचं काम कोणत्या यंत्रावर चाललं होतं ते कोणाला दिसणार? म्हणून हे गठ्ठे मी एकेक करून उलगडतो.

टेबलावरचं विमान जमिनीवर उभं आहे, त्यामुळे न उडालेला तिसरा नमुनाही बाद करता येत नाही. पट्टी काढून मी ‘मिग-21’वर पेन्सिलीनं रेघ मारतो आणि लिहितो : ‘एचए-300, हेलवान. नमुना क्रमांक अनिश्चित. त्याच दिवशी मागून काढलेला फोटो हवा.’