रस्त्याकडेच्या झाडांची पुढची पिढी

भोपाळमधील शिवाजीनगर आणि तुलसीनगर या भागांत मंत्री व आमदारांसाठी नवी निवासस्थाने बांधण्याचा प्रस्ताव २०२४ मध्ये पुढे आला, तेव्हा त्यापायी सुमारे २९ हजार झाडे तोडली जातील हा आकडा लोकांसमोर आला, रहिवासी रस्त्यावर उतरले, महिलांनी झाडांना मिठ्या मारल्या आणि जूनमध्येच नगरविकासमंत्री कैलाश विजयवर्गीय यांनी तो प्रस्ताव रद्द झाल्याचे जाहीर केले. कुऱ्हाडीपासून वाचलेले झाडही मात्र कधीतरी म्हातारे होते, आतून पोकळ होते, वळवाच्या वादळात कोसळते. आणि मग त्याच्या जागी काय लावायचे, हा प्रश्न आंदोलनाच्या घोषणांत मावत नाही. तिथून जवळच असलेल्या बिट्टन मार्केटच्या परिसरात, जिथे अरेरा कॉलनीची घरे, दुकाने, भाजीचा हाट आणि उभ्या मोटारी यांना त्याच रस्त्यांची कड वाटून घ्यावी लागते, तिथे तर तो अधिकच गुंतागुंतीचा होतो.

१९५६ मध्ये भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी झाल्यानंतर शहराचा हा भाग आखणी करून वसवला गेला. अशा नियोजित वसाहतींत रस्त्याची लागवड सहसा एकाच वेळी आणि मोजक्याच जातींची होते, त्यामुळे झाडे एकत्र वाढतात आणि एकत्रच थकतात. अमेरिकेतील शहरांनी मैलोन्‌मैल एल्म लावले आणि बुरशीजन्य रोगाने ते मरून विसाव्या शतकात रस्तेच्या रस्ते उघडे पडत गेले. त्या अनुभवातून फ्रँक सांतामूर या शास्त्रज्ञाने १९९० मध्ये असा दंडक सुचवला की शहरातील झाडांत एका जातीचा वाटा १० टक्के, एका प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा, २० टक्के आणि एका कुळाचा ३० टक्क्यांहून अधिक नसावा. हा हिशेब सबंध शहराचा आहे, गल्लीचा नव्हे. एका गल्लीत बकुळ आणि शेजारच्या गल्लीत करंज अशी विभागणी त्यात सहज बसते आणि रस्त्याला स्वतःचा चेहराही मिळतो.

जातीआधी जमीन पाहावी लागते. विंध्य वालुकाश्माच्या टेकड्या आणि दख्खनचा बेसाल्ट भोपाळ परिसरात एकमेकांना भेटतात, आणि बेसाल्टावर तयार झालेली काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मोठे झाड घराला खेटून लावले, तर ते भर उन्हाळ्यात पायाखालची ओल शोषून हे आकसणे वाढवते, आणि भिंतीला तडा गेला की दोष मुळांनी पाया फोडल्याचा दिला जातो. याच चिकण मातीत खणलेला सुटा खड्डा पावसाळ्यात तळ बंद असलेल्या कुंडीसारखा पाणी धरून ठेवतो आणि रोपाची मुळे कुजतात. त्याऐवजी रस्त्याच्या कडेने सलग चर खणून अनेक झाडांना एकच मातीचा पट्टा दिला, तर पाण्याला वाट आणि मुळांना जागा मिळते. पदपथाच्या फरश्या उचलल्या जातात त्यामागेही बहुधा झाडाचा आडदांडपणा नसतो, त्याला खाली न मिळालेली माती असते. बुंध्यापर्यंत सिमेंट ओतण्याची प्रथा इतकी रूढ झाली, की दिल्लीत २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला प्रत्येक झाडाभोवतीची एक मीटर जागा मोकळी करण्याचा आदेश द्यावा लागला.

जात निवडताना सामान्यतः फुले पाहिली जातात; पाहायला हवे ते पानगळीचे वेळापत्रक. बहावा एप्रिल-मेमध्ये पिवळ्या घोसांनी लगडतो खरा, पण ऐन उन्हात त्याच्यावर पाने जवळपास नसतात, म्हणजे हाटात जमिनीवर बसून भाजी विकणाऱ्या बाईला त्याचा उपयोग नाही. करंज आणि कडुनिंब मात्र उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने गाळून लगेच नवी पालवी धरतात आणि मे महिन्यात दाट सावली देतात. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याचे लाकूड ठिसूळ, मुळे उथळ, म्हणून मोटारी उभ्या राहतात तिथे तो नको. सप्तपर्णी सदाहरित आहे, पण शरदात तिच्या फुलांचा उग्र दर्प अनेकांना सोसत नाही. झटपट वाढणारा कोनोकार्पस गुजरात सरकारने २०२३ मध्ये लागवडीतून हद्दपार केला. वर विजेच्या तारा असतील तिथे कांचन किंवा तामण बरे, कारण तारांखाली मोठे झाड लावले की त्याची एकच बाजू दरवर्षी छाटली जाते आणि तोल गेलेले ते झाड शेवटी पडते. रुंद रस्त्यावर मात्र शोभेची ठेंगणी झाडे लावणे हा निव्वळ कंजूषपणा आहे. तिथे कडुनिंब, चिंच, अर्जुन यांनाच जागा द्यावी. जांभळाने डाग पडतात, ही तक्रार खरी असली तरी ती पदपथापुरती आहे. उद्यानाच्या कुंपणालगत जांभूळ लावण्यास कोणाची हरकत नसावी.

मध्य प्रदेशात शहरी झाडे तोडण्यावर २००१ च्या वृक्ष परिरक्षण अधिनियमाचे नियंत्रण आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये आपला १९७५ चा कायदा सुधारताना झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची अट घातली. साठ वर्षांच्या झाडाबदली साठ रोपे हा हिशेब कागदावर उदार दिसतो. परंतु गल्लीत साठ रोपांना जागा नसते, ती शहराबाहेर कुठेतरी लागतात आणि सावली गेलेल्या दारात ऊन तसेच राहते. भरपाई रोपांच्या संख्येत न मोजता छत्राच्या, म्हणजे पानांनी झाकलेल्या जमिनीच्या, क्षेत्रफळात मोजली तर ही पळवाट बंद होईल.

त्यासाठी बदली झाड जुने पडण्याची वाट न पाहता आठ-दहा वर्षे आधी, दोन जुन्या झाडांमधल्या मोकळ्या जागेत लावावे लागते, आणि थकलेली झाडे एकदम न काढता टप्प्याटप्प्याने काढावी लागतात. रोपवाटिकेतून पुरुषभर उंचीचे रोप घेताना पिशवीत गोल फिरलेली मुळे कापून मोकळी करावी लागतात, नाहीतर काही वर्षांनंतर तीच मुळे बुंध्याला आवळतात. भोपाळचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, म्हणून लागवड पहिल्या चांगल्या पावसानंतर करावी आणि पुढचे किमान तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, हे रोप लावण्याआधीच ठरवावे: समोरचा दुकानदार, घरमालक की नगर निगमचा टँकर.