यादीतील अनुक्रमांक आणि संगणक

मालाची आवक उतरवून घेताना आम्ही धान्याचे व्यापारी वहीत प्रथम अनुक्रमांक घालतो व मग मालाचे नाव आणि पोती लिहितो. अलीकडे पुष्कळ पेढ्यांवर हे काम संगणकाकडे गेले आहे. यादीतील एकेक नोंद क्रमाने घेऊन प्रत्येकीवर तेच काम करावयाचे, या फेरीस प्रोग्राम लिहिणारे ‘लूप’ म्हणतात. पायथॉन भाषेतील साधी फेरी नोंद तेवढी पुढे करते. ती कितवी, हे सांगत नाही. तो आकडा आपणच मिळवावयाचा असतो, आणि घोटाळा होतो तो तेथेच.

नवखा मनुष्य नोंद हाती येताच ‘ही यादीत कोठे आहे?’ असे संगणकासच विचारतो. त्यासाठी ‘इंडेक्स’ नावाची आज्ञा आहे. ती यादी आरंभापासून शोधीत जाते व पहिली जुळणारी नोंद सापडताच थांबते. आता ‘तूर, ५० पोती’ ही नोंद तिसऱ्या ओळीत आणि पुन्हा सातव्या ओळीत असली, तर दोहोंसही एकच क्रमांक मिळतो. त्यावरून पोच लिहिली तर दोन गाड्यांचा माल एकाच गाडीचा भासेल! बाजारात एकसारख्या नोंदी नित्याच्याच; म्हणून ही रीत आम्हांस सर्वथा त्याज्य वाटते. शिवाय हजार निरनिराळ्या नोंदी असल्या, तर या शोधापायी एकंदर पाच लाखांवर तुलना होतात.

आकडा वेगळा ठेवून दर फेरीस एकाने वाढवावा, ही रीत बरोबर आहे. पण रद्द झालेली नोंद वगळताना वाढीची ओळही वगळली गेली, की पुढचे सारे क्रमांक मागे पडतात.

याकरिता २००३ साली पायथॉनच्या २.३ या आवृत्तीत ‘एन्युमरेट’ आले. ते क्रमांक आणि नोंद जोडीनेच हाती देते. मोजणी मात्र शून्यापासून! कारण येथे क्रमांक म्हणजे आरंभापासूनचे अंतर, आणि पहिली नोंद आरंभापासून शून्य अंतरावर असते. डाइकस्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञांनी १९८२ च्या एका टिपणात शून्यापासूनच्या मोजणीचे समर्थन केले आहे. आमच्या गिऱ्हाइकास ‘क्रमांक शून्य’ची पावती कोण देणार? त्यासाठी ‘स्टार्ट’ या नावाने १ हा आकडा द्यावा. ही सोय २००८ च्या २.६ आवृत्तीपासून आहे. तो आकडा कागदावर छापण्यापुरताच वापरावा. त्यानेच यादीतून नोंद काढू गेल्यास पुढची नोंद हाती येते, आणि शेवटच्या आकड्यास तर संगणक चूक दाखवून थांबतो.