काठी चालेल, तोफेचा गाडा नाही!

अमेरिकेत बंदुकीला सायलेन्सर लावायचा तर आधी विचारतात, राज्य कोणतं? केंद्राचा १९३४चा कायदा पाळून, रीतसर नोंदणी करून ॲरिझोनात तो घेता येतो. तोच घेऊन शेजारच्या कॅलिफोर्नियात शिरलात की गुन्हा. आपल्याकडे ही भानगडच नाही. राज्यघटनेने शस्त्रं आणि दारूगोळा हा विषय केंद्राच्या यादीत पाचव्या क्रमांकावर बसवलाय. संगमनेरला जो कायदा, तोच शिलाँगला. राज्याच्या वाट्याला येते ती अंमलबजावणी. साध्या हत्याराचा परवाना देतात जिल्हाधिकारी, म्हणून संगमनेरकराच्या अर्जाला प्रवरा नदी ओलांडून अहिल्यानगर हे जिल्ह्याचं ठिकाण गाठावं लागतं.

आणि सायलेन्सर? १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येत गोळीचा आवाज किंवा भडका कमी करणारी जोडवस्तू हीसुद्धा 'अग्निशस्त्र'च! तोफ ठेवायचा गाडाही त्याच व्याख्येत. उलट काठी आणि फिरायला जाताना हातात धरायची छडी यांना त्याच अधिनियमाने नाव घेऊन सोडलंय.

काठीवाल्यांनी हुरळून जाऊ नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ (१) लागलं की सार्वजनिक जागी काठी, दगड, सगळंच बंद. याच कलमाखाली गाणी म्हणणं आणि वाद्यं वाजवणंही थांबवता येतं. कलम ३७ (३) खालचा जमाव-मिरवणूकबंदीचा आदेश मात्र सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणून तर सणासुदीला पेपरात तो पंधरवड्याच्या पंधरवड्याला छापून येतो.

तलवारीचं गणित इंचात. पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तर ते शस्त्रांच्या यादीत. घरकामाची आणि शेतीची अवजारं वगळलेली. त्यामुळे संगमनेरच्या अमृतनगर साखर कारखान्यासाठी ऊस तोडणारा कोयता बिनधास्त फडात फिरतो, आणि तोच पुण्यात कुणावर उगारला की कलम लागतं. वाढदिवसाचा केक तलवारीने कापणाऱ्या दादांना तर पोलिसांना शोधावंही लागत नाही. व्हिडिओ त्यांनी स्वतःच टाकलेला असतो. पुढची पायरी शस्त्र अधिनियमाचं 'कलम ४/२५'.

बोअरचीही, म्हणजे नळीच्या मापाचीही, गंमत आहे. बारा बोअरची बंदूक, .३२चं रिव्हॉल्व्हर ही साधी हत्यारं. ९ मिमीचं पिस्तूल किंवा .३०३ रायफल म्हटली की 'प्रतिबंधित बोअर', आणि मग जिल्हाधिकारीही हात वर करतात. फाइल थेट दिल्लीला, गृह मंत्रालयात. घोडा दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात, असली स्वयंचलित हत्यारं सामान्यांना मिळायचीच नाहीत. परवान्याविना सापडली तर २०१९च्या दुरुस्तीनंतर ७ ते १४ वर्षं. त्याच दुरुस्तीने माणशी तीन हत्यारांची मर्यादा दोनवर आणली. सरकारला खरं तर एकच ठेवायचं होतं. वरातीत हवेत बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बँडवाल्यावर उधळा, स्वस्त पडेल.

हत्यार विकायचं झालं तर ट्रॅक्टर विकण्याहून जास्त धीर लागतो. कुणाला विकताय ते नाव-पत्त्यासह जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि ४५ दिवस गप्प बसायचं. घेणाऱ्याकडे परवाना हवा, हे आलंच. वारसाला द्यायचं तर धन्याने डोळे मिटण्याची वाट पाहायला नको: त्याने सत्तरी गाठली किंवा हत्यार २५ वर्षं सांभाळलं की वारसाला आपल्या नावे परवाना मागता येतो. वारसाची एकवीस वर्षं मात्र पूर्ण हवीत. बंदुकीच्या परवान्याला जमीनजुमला लागतो, असं पारावर सांगणारे पुष्कळ भेटतात. कलम १४ नेमकं उलटं सांगतं: पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्यावरून परवाना नाकारता येत नाही. माळ्यावरची गंजलेली, दुरुस्त करूनही उडणार नाही अशी बंदूक असेल, तर तिला हा अधिनियमच लागू नाही.

संगमनेरात परवान्याच्या अर्जाचं कारण बहुतेकांच्या तोंडी तयार असतं: बिबट्या. उसात पिल्लं काढणारा हा शेजारी रात्री पाणी भरायला जाणाऱ्याची झोप उडवतो, हे खोटं नाही. पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक द्यावी, असं कायद्यात चक्क लिहिलंय. पण परवाना बंदुकीचा, शिकारीचा नव्हे! बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. अगदी जिवावर बेतलं तरच बचाव, आणि तोही पुढे सिद्ध करत बसायचा. रानडुकरालाही वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. मला विचाराल तर अशा शेतकऱ्याला बंदुकीपेक्षा दिवसा वीज जास्त उपयोगाची.

राहिली निवडणूक. आचारसंहिता लागली की परवानाधारकांची यादी छाननी समितीपुढे जाते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत नाव आलेले यांना हत्यार जमा करायची नोटीस. बँकेचे सुरक्षारक्षक आणि नेमबाज खेळाडूंना सूट. बाकीच्यांपैकी ज्याला नोटीस येत नाही, तो समितीच्या लेखी निरुपद्रवी. आणि खांद्याला डबल बारची बंदूक लावून मिरवणाऱ्या काहींना तेच जास्त झोंबतं.