परपोटी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी कामरेजला मावशीकडे गेलो होतो. सुरतेजवळचे, तापीकाठचे हे गाव. भोवताली उसाची शेते. मावशीच्या परसात तुळशीवृंदावनामागे गुडघ्याएवढे एक रोपटे आपोआप उगवले होते. त्याला इवल्या आकाशकंदिलांसारखी कागदी फळे लोंबत होती. मावसभावाच्या पाच वर्षांच्या मुलीने त्यांतली दोन फोडून आतले गोळे खाल्ले, आणि घरात एकच गोंधळ उडाला.

"धोतऱ्याच्या जातीचं असेल रे! तू वनस्पतिशास्त्र शिकतोस ना, बघ की," मावशी म्हणाली. मुलीला डॉक्टरांकडे न्यायचे ठरलेच होते. पण तिने खाल्ले काय, हे सांगायला तर हवे!

मी फांदी तोडून पाहिली. पानांच्या बेचक्यात एकेकटे फिकट पिवळे फूल, पाकळ्या पाच पण एकमेकींस जुळलेल्या, पुंकेसर पाच. म्हणजे कूळ वांगी-टोमॅटोचे. धोतरा आणि तंबाखूही याच कुळातले, तेव्हा मावशीची शंका अगदीच वावगी नव्हती. मात्र धोतऱ्याचे फळ काटेरी बोंड असते. येथे आत रसाळ, गुळगुळीत गोळी होती. बाहेरचा कंदील हे फळ नव्हेच. वांग्याच्या देठाशी जी हिरवी टोपी असते, तीच येथे फूल गळल्यावर फुगत जाते आणि फळाला पुरती झाकून टाकते. असे फुगे कपाळफोडीलाही येतात, पण ती तणाव्यांनी चढणारी वेल, आणि तिच्या फुग्यात गर नसतो. आसंधेचे फळही असेच झाकलेले असते. पण ते पिकून लाल होते आणि पाने पांढुरक्या लवेची असतात. उरली फायसॅलिस, म्हणजे आपली चिरबोटी किंवा रानपोपटी.

तेवढ्यात शेजारच्या बा कुंपणावरून म्हणाल्या, "आ तो परपोटी!" गुजरातीत परपोटो म्हणजे बुडबुडा. गंमत अशी, की फायसॅलिस हे नावही ग्रीक भाषेतल्या फुग्याच्या शब्दावरूनच आलेले आहे. आपल्या कानडी विभागाचे वाचक हिला 'बुड्डे हण्णु' म्हणून ओळखत असतील. बाजारात मिळणारी रसभरी ही हिचीच दक्षिण अमेरिकेतली बहीण.

घरी आल्यावर मी थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ (१९०१–१९०८) चाळला. त्या काळी कामरेज बडोदे संस्थानात, नवसारी प्रांतात मोडे. पण तणांना संस्थानाची हद्द थोडीच ठाऊक असते!

एक गोष्ट मात्र बांनीही बजावली. कंदील वाळून पिवळा पडला आणि आतले फळ पिवळे झाले, तरच ते खावे. हिरवे फळ आणि पाने विषारी. त्यांनी पोट दुखते, उलट्या होतात. अंगणात मुलीने टाकलेले दोन कंदील सापडले. एक वाळलेला, दुसरा हिरवागार. फांदी आणि ते दोन्ही कंदील घेऊन मावसभाऊ तिच्यासह डॉक्टरांकडे गेला. रात्री तिला एकदा उलटी झाली, मग शांत झोप लागली. सकाळी पाहतो तो ती पुन्हा रोपट्यापाशी उभी! "काका, यातला पिवळा कुठला?"